कागदी घोड्यांची वंशावळ : अमेरिकेतले संशोधक दरवर्षी अहवाल का लिहितात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

या भागाचा जन्म एका रद्द झालेल्या रेकॉर्डिंगमधून झाला. पाहुणा होता माझा कॉलेजचा मित्र, सध्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करतोय. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, त्याच्याकडे दुपारचे बारा. मी माईक लावून बसलोय आणि याचा मेसेज : 'आज नाही जमणार रे, पंधरा तारखेला आरपीपीआर जायचाय.' मला वाटलं एखादी परीक्षा असेल. नंतर फोनवर कळलं की हा त्यांच्या लॅबचा वार्षिक प्रगती अहवाल. सरकारी पैशावर संशोधन चालतं, तर वर्षभरात काय केलं ते सरकारला लिहून कळवायचं. मी म्हटलं, 'म्हणजे आमचं स्टँडअप.' तो म्हणाला, 'हो, पण वर्षातून एकदाच. आणि त्यावर पुढच्या वर्षीचा माझा पगार अवलंबून.'

त्याने मला तो फॉर्म दाखवला. ए पासून एच पर्यंत आठ विभाग. मी विचारलं, हे रकाने कुणी ठरवले? तो म्हणाला, 'कोण जाणे. आहेत म्हणून भरतो.'

आता, मी सॉफ्टवेअरवाला. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की आम्ही 'गिट ब्लेम' चालवतो. ही ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली, सगळं समोर येतं. बहुतेक वेळा मागे काहीतरी भानगड झालेली असते आणि ती अट म्हणजे त्या भानगडीवरचं ठिगळ असतं. तर आजचा भाग म्हणजे त्या फॉर्मचं गिट ब्लेम समजा.

आधी एक फरक समजून घेऊ

सरकारने रस्ता बांधायला दिला तर ते कंत्राट. रस्ता झाला की नाही हे डोळ्यांनी दिसतं. संशोधनाचं अनुदान तसं नाही. तिथे सरकार काही विकत घेत नाही. 'तुझी कल्पना चांगली आहे, प्रयत्न कर, हा घे पैसा' एवढाच व्यवहार. प्रयोग फसला तरी पैसे परत मागत नाहीत, कारण फसणं हा त्या कामाचाच भाग आहे. अमेरिकेत हा फरक १९७८ साली कायद्यानेच स्पष्ट केला : सरकारला स्वतःसाठी वस्तू किंवा सेवा हवी असेल तर कंत्राट, एखाद्या सार्वजनिक कामाला हातभार लावायचा असेल तर अनुदान.

याचा परिणाम बघा. शोध लागेल याची खात्री नाही. पेपर छापून येईल याचीही नाही. मग पैशाच्या बदल्यात सरकारच्या हातात नक्की पडणारी गोष्ट कुठली? अहवाल. रस्ता, पूल, धरण यांच्या जागी इथे कागदच येतो. म्हणून त्याला एवढं वजन.

शिवाय पैसे एकरकमी मिळतातच असं नाही. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, समजा पाच वर्षांसाठी प्रकल्प मंजूर करते, पण पैसा वर्षावर्षाने सोडते. दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा स्पर्धेत उतरावं लागत नाही, पण पहिल्या वर्षाचा अहवाल जावा लागतो, आणि तो मान्य व्हावा लागतो.

युद्ध संपलं, पैसा उरला, प्रश्न उभा राहिला

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकन विद्यापीठांमधलं बरंचसं संशोधन खाजगी संस्थांच्या देणग्यांवर आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या पैशावर चालायचं. युद्धाने ते बदललं. रडार, पेनिसिलिन, बॉम्बचे फ्यूज अशी कामं सरकारने विद्यापीठांना कंत्राटावर दिली. हे सगळं हाताळणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख होता व्हॅनेव्हर बुश, एमआयटीचा इंजिनिअर. (राष्ट्राध्यक्ष बुश घराण्याशी याचा संबंध नाही. दर वेळी कुणीतरी विचारतंच.)

नोव्हेंबर १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने त्याला विचारलं की युद्धानंतर हे चालू ठेवायचं तर कसं? बुशचं उत्तर जुलै १९४५ मध्ये आलं, तोवर रूझवेल्ट गेले होते आणि ट्रुमन खुर्चीवर होते. 'सायन्स, द एंडलेस फ्रंटियर' हा तो अहवाल. त्याचं सार असं की मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, पण काय शोधायचं हे शास्त्रज्ञांना ठरवू द्यावं. पैसा सरकारचा, दिशा शास्त्रज्ञांची.

ऐकायला गोड. पण मग जबाब कुणी कुणाला द्यायचा? सिनेटर हार्ली किलगोर यांचं म्हणणं होतं की जनतेचा पैसा आहे तर लगाम लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हातात हवा. १९४७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बुशच्या बाजूला झुकणारं विधेयक मंजूर केलं. त्यात नव्या संस्थेचा संचालक राष्ट्राध्यक्ष नेमणार नव्हते. अर्धवेळ काम करणाऱ्या सदस्यांचं मंडळ त्याला निवडणार होतं. ऑगस्ट १९४७ मध्ये ट्रुमननी त्यावर सही करायला नकार दिला. मुद्दा साधा : जनतेचा पैसा वाटणारा माणूस जनतेने निवडलेल्या कुणालाच उत्तर देणार नसेल तर कसं चालेल?

पुढे तीन वर्षं घासाघीस झाली. १० मे १९५० रोजी आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो या गावी, दौऱ्यावर असताना, ट्रुमननी सुधारित कायद्यावर सही केली आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन, एनएसएफ, जन्माला आली. संचालक राष्ट्राध्यक्षांनी नेमायचा, सोबत २४ जणांचं विज्ञान मंडळ. आणि संस्थेने दरवर्षी राष्ट्राध्यक्षांमार्फत काँग्रेसला अहवाल द्यायचा.

ही साखळी लक्षात ठेवा. शास्त्रज्ञ संस्थेला सांगतो, संस्था राष्ट्राध्यक्षांना, राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला. माझा मित्र रात्री जागून जे लिहीत होता ती या साखळीची सगळ्यात खालची कडी.

फाउंटन विरुद्ध शॅनन

सुरुवातीला रकमा लहान होत्या. १९५२ या आर्थिक वर्षात एनएसएफला मिळाले साडेतीन दशलक्ष डॉलर. लहान घरात हिशेबाची वही लागत नाही. पण एनआयएचचं बजेट १९४७ मध्ये सुमारे ८ दशलक्ष डॉलर होतं ते १९६६ मध्ये एक अब्जाच्या वर गेलं. एवढा पैसा वाहू लागला की कुणीतरी नळ तपासायला येणारच.

आले ते नॉर्थ कॅरोलायनाचे प्रतिनिधी एल. एच. फाउंटन. त्यांच्या उपसमितीने १९६१ आणि १९६२ मध्ये एनआयएचच्या कारभारावर कडक अहवाल लिहिले. आक्षेप संशोधनाच्या दर्जावर नव्हता. आक्षेप असा की पैसा दिल्यानंतर त्याचं काय होतं याकडे तुमचं लक्षच नाही.

समोर होते एनआयएचचे संचालक जेम्स शॅनन. त्यांची भूमिकाही विचार करण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं, खरी चाळणी सुरुवातीला लागते. चांगला माणूस आणि चांगली कल्पना निवडा, मग त्याच्या मागे लागू नका. संशोधकाला मध्येच नवी वाट दिसली तर त्याने तिकडे वळायला हवं, जुन्या बजेटच्या रकान्यात अडकून बसायला नको.

आता तुम्ही सांगा, यात चूक कोण? मला तर ऐकताना आमच्या ऑफिसातलीच मीटिंग आठवली. एकजण म्हणतो टीमवर विश्वास ठेवा, दुसरा म्हणतो ठेवतो, पण तासांचा हिशेब भरा.

निकाल फाउंटनच्या बाजूने लागला. १९६३ च्या सुमारास एनआयएचने नियम आवळले. आधी परवानगी घ्या, मग खर्च करा, असे प्रकार वाढले. प्राध्यापकांनी आपला किती टक्के वेळ कुठल्या कामावर गेला हे कागदावर दाखवायचं, यावरून विद्यापीठांत बरीच चिडचिड झाली. रात्री अंघोळ करताना सुचलेली कल्पना कुठल्या टक्क्यात धरायची? गंमत म्हणजे १९६५ मध्ये डीन वुल्ड्रिज यांच्या समितीने एनआयएचची तपासणी करून सांगितलं की संशोधनाचा दर्जा एकंदरीत उत्तम आहे. पण एकदा आलेले रकाने सहसा जात नाहीत. कोडमध्येही नाही, सरकारातही नाही.

सोनेरी लोकर

फाउंटनचा प्रश्न होता, पैसा नीट खर्च झाला का? दहा-बारा वर्षांनी वेगळाच प्रश्न आला : मुळात या विषयावर खर्च केलाच कशाला?

मार्च १९७५. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी 'गोल्डन फ्लीस' नावाचा टोमणेवजा पुरस्कार सुरू केला. सरकारी पैशाची उधळपट्टी करणाऱ्यांना दर महिन्याला. पहिला मान एनएसएफला, माणसं प्रेमात का पडतात यावरच्या ८४,००० डॉलरच्या संशोधनासाठी. वर्तमानपत्रांना तर मेजवानीच. त्याच वसंतात प्रतिनिधीगृहाने एक दुरुस्तीही मंजूर केली, की एनएसएफने प्रत्येक अनुदान देण्याआधी काँग्रेससमोर ठेवावं. पुढच्या टप्प्यात ती गळाली. नाहीतर खासदार मंडळी आज क्वांटम फिजिक्सचे प्रस्ताव तपासत बसली असती.

प्रॉक्समायरनी रोनाल्ड हचिन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या कामालाही लक्ष्य केलं. तो माकडांमधल्या आक्रमकतेचा अभ्यास करत होता. राग आला की जबडा कसा आवळला जातो, ते मोजायचा. पैसा नासा, नौदल आणि एनएसएफचा. हचिन्सनने थेट सिनेटरवर बदनामीचा दावा ठोकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७९ मध्ये निकाल आला : सभागृहातल्या भाषणाला संरक्षण आहे, पण प्रसिद्धिपत्रकाला आणि वार्तापत्राला नाही. शेवटी तडजोड झाली, प्रॉक्समायरनी १०,००० डॉलर दिले आणि जाहीर खुलासाही केला.

खटला शास्त्रज्ञ जिंकला. पण धडा सगळ्यांनीच घेतला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुमच्या प्रकल्पाचं नाव, त्याचा सारांश, त्याची एखादी ओळ उद्या कुणीतरी संदर्भ तोडून व्यासपीठावरून वाचून दाखवू शकतो, हे आता लिहिणाऱ्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

पुढे याला सरळ मार्गही सापडला. २००७ च्या अमेरिका कॉम्पीट्स कायद्याने सांगितलं की एनएसएफच्या पैशावर झालेल्या कामाचं फलित लोकांसाठी प्रसिद्ध करा. त्यातून २०१० पासून एक वेगळा छोटा अहवाल आला : २०० ते ८०० शब्द, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, आणि संशोधकाने लिहिला तसाच वेबसाइटवर. एनएसएफ त्यात हात घालत नाही. प्रॉक्समायर तुमच्याबद्दल सांगण्याआधी तुम्हीच सांगा, असा हा प्रकार.

फॉर्म कमी करण्यासाठी नवा फॉर्म

एव्हाना कागदी घोडे एवढे झाले होते की त्यांना आवरण्यासाठीच कायदे लागले. १९८० मध्ये पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट आला. सरकारी खात्याला लोकांकडून माहिती मागायची तर आधी अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी, आणि फॉर्मवर तिचा क्रमांक. १९८६ मध्ये फ्लोरिडातली विद्यापीठं आणि पाच केंद्रीय संस्था यांनी एक प्रयोग केला : छोट्यामोठ्या बदलांसाठी वॉशिंग्टनकडे परवानगी मागायची नाही, विद्यापीठानेच ठरवायचं, आणि आभाळ कोसळतं का ते बघायचं. नाही कोसळलं. त्यातूनच पुढे फेडरल डेमॉन्स्ट्रेशन पार्टनरशिप उभी राहिली.

याच पार्टनरशिपने नंतर प्रकल्पप्रमुखांना विचारलं की सरकारी प्रकल्पासाठी दिलेल्या वेळातला किती वेळ संशोधनाऐवजी प्रशासकीय कामात जातो? २००५ च्या पाहणीत उत्तर आलं ४२ टक्के. २०१२ मध्ये पुन्हा ४२. २०१८ मध्ये ४४. यात फक्त प्रगती अहवाल नाहीत. प्रस्ताव, परवानग्या, खरेदी, प्रशिक्षणं, सगळं आलं. तरी आकडा जिथल्या तिथे.

आणखी एक डोकेदुखी होती. प्रत्येक संस्थेचा फॉर्म वेगळा. एकाच लॅबला एनआयएचचा आणि एनएसएफचा पैसा असेल तर तीच गोष्ट दोन भाषांत. शेवटी २०१० मध्ये व्हाइट हाउसने सगळ्यांसाठी एकच साचा जाहीर केला. तोच आरपीपीआर, रिसर्च परफॉर्मन्स प्रोग्रेस रिपोर्ट. २०१३ पासून एनआयएचने तो बहुतेक अनुदानांना लागू केला, एनएसएफनेही त्याच वर्षी आपले अहवाल नव्या पोर्टलवर नेले. प्रश्न एक झाले, पोर्टलं मात्र वेगळीच राहिली. आमच्या धंद्यातले लोक इथे मान डोलावतील.

आता तो फॉर्म पुन्हा उघडू

एवढा इतिहास माहीत झाल्यावर मी मित्राला म्हटलं, परत दाखव. आणि खरंच, आता रकाने वेगळे दिसायला लागले.

ए म्हणजे मुखपृष्ठ. त्यात एक सही करणारा अधिकारी असतो, विद्यापीठाचा. कारण कायद्याने अनुदान प्राध्यापकाला नाही, विद्यापीठाला मिळतं. प्राध्यापक लिहितो, विद्यापीठ पाठवतं.

बी म्हणजे काय साध्य झालं. उद्दिष्टं काय होती, त्यातलं काय झालं, पुढच्या वर्षी काय करणार. हा गाभा. हा साधारण दोन पानांत आटोपा असं एनआयएच सुचवते.

सी म्हणजे निष्पत्ती. पेपर, डेटा, सॉफ्टवेअर, पेटंट. इथे एक खोच आहे. एनआयएचच्या पैशावर लिहिलेला पेपर लोकांना मोफत वाचता यावा असा कायदा २००८ पासून आहे, आणि २०१३ पासून एनआयएचने तो अहवालाशी जोडला. पेपर त्यांच्या खुल्या संग्रहात नसेल तर पुढच्या वर्षीचा पैसा अडकतो. एका रकान्याने जे होतं ते शंभर परिपत्रकांनी होत नाही.

डी म्हणजे माणसं. वर्षात निदान एक महिना, म्हणजे अंदाजे १६० तास, ज्याने काम केलं त्याचं नाव, मग पगार कुठूनही असो. हा फाउंटनच्या काळातल्या वेळेच्या हिशेबाचा नातू.

ई म्हणजे परिणाम. 'याचा उपयोग काय?' हा प्रॉक्समायरचा प्रश्न, सभ्य भाषेत.

एफ म्हणजे बदल आणि अडचणी. इथे बरोबर उलटं : वाट बदलायची मुभा, पण सांगून. शॅननचा युक्तिवाद मला या रकान्यात जिवंत दिसतो.

जी म्हणजे विशेष नोंदी आणि एच म्हणजे बजेट.

वेळेची गंमत वेगळीच. एनआयएचच्या नेहमीच्या अनुदानांमध्ये हा अहवाल पुढचं वर्ष सुरू होण्याच्या साधारण ४५ दिवस आधी लागतो. म्हणजे वर्षाचा अहवाल, वर्ष संपायच्या आत. पहिल्या वर्षी तर माणसं नेमण्यात आणि यंत्रं मागवण्यातच अर्धा काळ जातो आणि लगेच विचारणा येते : काय साध्य झालं? एनएसएफकडे वर्षाच्या शेवटच्या ९० दिवसांत अहवाल द्यायचा. तो थकला तर त्या प्रकल्पातल्या प्रमुखांची आणि सहप्रमुखांची इतर अनुदानंही अडतात. एकाच्या आळसात दुसऱ्याचंही काम खोळंबतं.

शेवटी, त्या रात्रीचं

रद्द झालेल्या रेकॉर्डिंगची खरी गोष्ट मला बऱ्याच महिन्यांनी कळली. त्या आठवड्यात मित्राला स्वतःच्या विश्लेषणाच्या कोडमध्ये एक बग सापडला होता. दोन फाइल जोडताना काही नमुने दोनदा मोजले जात होते. त्याच कोडमधून निघालेला एक आकडा आदल्या वर्षीच्या अहवालात गेला होता. पेपर अजून छापलेला नव्हता, त्यामुळे बाहेर कुणालाच कळणार नव्हतं. नवा आकडा जुन्यापेक्षा बराच फिका. निष्कर्ष उलटा झाला नव्हता, पण आधीच्या अहवालातला जोर गेला होता.

त्याने बाईंना, म्हणजे त्याच्या प्रकल्पप्रमुखांना, सांगितलं. त्या काही वेळ गप्प बसल्या म्हणे. मग म्हणाल्या, एफमध्ये लिही. त्या चार ओळी लिहायला त्याला रात्र लागली. 'बोलायला सोपं आहे रे,' तो मला म्हणाला, 'पण माझा व्हिसा त्या नोकरीवर, नोकरी त्या पैशावर आणि पैसा त्या कागदावर.'

अहवाल गेला. काही दिवसांनी कार्यालयातून ईमेल आला. याच्या पोटात गोळा. उघडून बघतो तर एकच प्रश्न : यादीतल्या अमुक पेपरचा खुल्या संग्रहातला क्रमांक दिसत नाही, कृपया भरा. बगबद्दल एक अक्षर नाही. क्रमांक भरला, पुढच्या वर्षीचा पैसा आला.

त्या चार ओळी कुणी वाचल्या का? त्यालाही माहीत नाही. कदाचित वाचून कुणीतरी मान हलवली असेल आणि पुढे गेलं असेल. ट्रुमन, फाउंटन, प्रॉक्समायर, प्रत्येकाने आपापल्या परीने एकच मागितलं होतं : आम्हाला सांगा. सांगितलेलं कोण ऐकणार, याची तरतूद मात्र एवढी नीट कुणी केलेली नाही.

तरी मी त्याला विचारलंच, पुन्हा असं झालं तर लिहिशील? तो म्हणाला, 'लिहीन. पुढच्या वर्षी तोच आकडा परत लिहायला लागला असता ना. ते जास्त अवघड होतं.'

एवढंच आजच्या भागात. तुमच्यापैकी कुणी परदेशात किंवा इथे संशोधन अनुदानाचे अहवाल लिहीत असेल, तर तुमच्या फॉर्ममधला सगळ्यात विचित्र रकाना कुठला ते नक्की कळवा. त्याचंही गिट ब्लेम करून बघू. आणि पंधरा तारीख जवळ आली असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो अहवाल पाठवा. भेटू पुढच्या भागात.